उष्टी हळद

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. काल माझ्या मुलीने वाचनालयातून तुमची ती कादंबरी आणली आणि एका बैठकीत संपवली. "आई, तुझे सर हुशारच होते गं. खुनी कोण ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही," ती म्हणाली. मी नुसती मान हलवली. ती मान का हलवली, हे लिहायला आज रोजनिशी उघडली, तर पानावर तुमच्याशीच बोलणं सुरू झालं.

ते दिवस अजून डोळ्यांपुढे आहेत, सर: कॉलेजच्या सुट्टीत मी दौंडला घरी आले आहे आणि तुमच्या गिचमिड हस्तलिखिताची सुवाच्य प्रत करण्याचं काम माझ्याकडे आहे. दर आठवड्याला एस.टी.ने शिरूरला येते, पानं दाखवते आणि तुमच्या स्टोव्हवर चहाही मीच करते. कथा तुम्ही छान जमवली होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या दारातल्या मांडवात वऱ्हाडापुढे नाटक चाललं आहे आणि दुसऱ्या अंकात नवऱ्याचा काका पडद्यामागे मरून पडलेला सापडतो. पडद्यावर हळदीच्या बोटांचे ठसे. तुमच्या खर्ड्यात खुनी नवरीच होती. मी म्हणाले, "सर, नवरीच्या हाताला हळद असेलच कशी? आधी नवऱ्याला लागते. त्याची उरलेली, उष्टी हळद मग नवरीकडे नेतात. ती तर तुमच्या गोष्टीत दुसऱ्या दिवशी सकाळी येणार आहे." तुम्ही बशी खाली ठेवलीत. "म्हणजे त्या संध्याकाळी अंगाला हळद फक्त..." "नवऱ्याच्या," मी म्हणाले. तुम्ही मोठ्याने हसलात. "अगं, मी आजन्म ब्रह्मचारी! मला हे कोण सांगणार?" शेवटची चार प्रकरणं माझ्यादेखत फाडलीत आणि म्हणालात, "प्रस्तावनेत तुझं नाव घालतो. निम्मी कादंबरी तुझी आहे." घरी वडील स्थळं बघू लागले होते. ते छापील नाव दाखवून एम.ए.साठी दोन वर्षं मागायची, असं मी परतीच्या एस.टी.त ठरवून टाकलं.

पुस्तक आलं. प्रस्तावनेत मुद्रकाचे आभार होते, मुख्याध्यापकांचे होते, शाळेच्या नाट्यमंडळाला पडदा उसना देणाऱ्या दुकानदाराचेही होते. शाळेत तुमचा सत्कार झाला तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होते. एका पालकाने उठून विचारलं, "सर, तुमचं तर लगीन न्हाई झालं. मग ही हळदीची गंमत तुमास्नी कळली कशी वो?" सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मला अजून खात्री आहे की पाहिलंत, आणि म्हणालात, "ज्याचं लग्न होत नाही, तोच दुसऱ्यांची लग्नं नीट बघतो." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. नंतर व्हरांड्यात मी काही विचारायच्या आतच तुम्ही हळूच म्हणालात, "तुझं लग्न ठरायचंय. खुनाच्या पुस्तकात मुलीचं नाव कशाला? तुझ्या भल्यासाठीच गाळलं."

मी ते खरं मानलं. वडिलांपुढे ठेवायला हातात काहीच नव्हतं. त्याच वर्षी माझं लग्न झालं. पुढे मुलगी झाली आणि दुसरी आवृत्ती निघाली. तुम्ही नवी, लांबलचक प्रस्तावना लिहिलीत. मी दुकानात उभ्यानेच ती दोनदा वाचली. आता तर माझ्या भल्याचा प्रश्नच उरला नव्हता, सर. तरी नाव नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की व्हरांड्यात तुम्ही माझी काळजी केली नव्हती, माझी समजूत घातली होती.

हे सगळं मी आज पहिल्यांदा लिहिलं. लिहिलेलं पुन्हा वाचून पाहायची मला सवय आहे, आणि वाचताना हळदीच्या त्या बोलण्यापाशी अडले. दौंडला मी प्रत करता करता ती मोठ्याने वाचत असे, आणि आत्या शेंगा फोडत ऐकत बसे. तिला अक्षरओळख नव्हती. नवरीच्या हळदीपाशी ती थांबली. "आगं येडे, नवऱ्याची उष्टी आल्याबिगर नवरीला हळद लागती व्हय? तुझ्या मास्तरला म्हनावं, आधी लगीन कर, मंग लिही!" मी तुम्हाला ते माझं म्हणून सांगितलं. पुस्तक आल्यावर तिने ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "माझं ऐकलं का गं मास्तरनं?"

मी म्हणाले, "त्यांना ते आधीच सुचलं होतं, आत्या."