वाळूच्या पोत्याऐवजी मी

धाकटे,

मोठी आहे म्हणून आशीर्वाद देते, तो गुपचूप घे. तब्येत कशी आहे, जखम भरली का, साखर किती, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. नाहीतर तुझी सून मला सगळं कळवत असतेच. तीच सांगते की पाय गुडघ्याखाली काढल्यापासून तू खिडकीशी बसलीस ती बसलीस, दाराबाहेर सुद्धा येत नाहीस, आणि माझा फोन वाजला की ‘झोपल्यात म्हणून सांग’ म्हणतेस. दिवसभर झोपायला तू काय पाळण्यातलं पोर आहेस? फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही, ते डोळ्यांसमोर पडून राहतं, म्हणून हा उद्योग. अक्षराला हसू नकोस. आपण दोघींनी मिळून शाळा किती केली ते तुलाही ठाऊक आहे. मला मास्तरांनी तोंडामुळे काढलं आणि तू माझ्या मागोमाग आलीस. इकडे सगळे ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, कवळी सैल झाली आहे, तोंड शाबूत आहे.

तर बातमी अशी की आपली भिंगरी डोंगरावर जाऊन आली. रडू नकोस, आधी नीट वाच. माझी नात आता केवढी झाली तुला कल्पना नाही. चाकाच्या खुर्चीत पहिल्यांदा बसवली तेव्हा घरभर गरगर फिरून तिनं तुझ्या पायाच्या अंगठ्यावरून चाक नेलं होतं आणि तू तिला भिंगरी म्हणालीस, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. (त्या अंगठ्याचं आता काही राहिलं नाही, तेव्हा तिला माफ कर.) हल्ली ती बसस्थानकात भोंग्यावर बोलायच्या नोकरीला आहे. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येणार, सगळं तिच्या तोंडून. सबंध गावाला गाड्यांत बसवून देते आणि आपण जागच्या जागी. गावामागच्या डोंगरावर ‘डोंगर मंडळ’ दर थंडीत माणसांना घेऊन जातं. भिंगरी लहानपणापासून वर जाऊन आलेल्या प्रत्येकाला विचारायची, वर काय आहे? प्रत्येक जण सांगायचा, काही नाही गं, वारा आहे नि चार दगड. यंदा मात्र ती फणकारली. म्हणाली, “आजी, वर काही नाही हे मला माझं मी जाऊन म्हणायचं आहे.” मला पटलं. काही नसलेलं सुद्धा दुसऱ्यानं बघून आपल्याला का सांगावं?

या मंडळाचा अध्यक्ष म्हणजे आमचा दातवाला डॉक्टर, माझी कवळी केली तो. माणूस वाईट नाही, पण त्याला फीत कापायची फार हौस. मागच्या वर्षी त्यानं डोंगराच्या पायथ्याशी सिमेंटची उताराची वाट बांधली, ‘सर्वांसाठी वाट’ अशी पाटी लावली, फीत कापली, फोटो काढले. भिंगरी खुर्ची घेऊन गेली तर ती वाट छान वळण घेत वर चढते आणि पुढे तीन पायऱ्या. पायऱ्यांच्या पलीकडे डोंगर. म्हणजे दार उघडायचं आणि आत भिंत! विचारलं तर म्हणे, त्या लोकांसाठी आम्ही पायऱ्यांच्या अलीकडे बाक ठेवलाय, तिथून दृश्य छान दिसतं. मी जाऊन बघितलं. बाकावरून गाड्या लावायची जागा दिसते. आणि जी स्वतःची खुर्ची घेऊन आली आहे तिला बाक कशाला, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

भिंगरी गप्प बसणारी नाही, कोणावर गेली ते सांगायला नको. तिनं मोबाईलवर एकाच चाकावर चालणाऱ्या खुर्चीचं चित्र शोधलं, बसस्थानकासमोरच्या सायकलवाल्याला दाखवलं आणि दोघांनी मिळून ती बनवली. (हा सायकलवाला दिवसातून चार शब्द बोलतो, त्यातले दोन ‘हवा’ आणि ‘पंक्चर’.) मधोमध एकच जाड चाक, त्यावर स्प्रिंग, त्यावर खुर्ची, पुढे दोन दांडे, मागे दोन दांडे. पुढचा ओढतो, मागचा तोल सांभाळतो आणि ब्रेक धरतो. दिसायला पालखी आणि हातगाडी यांच्या लग्नातून झालेलं अपत्य. पण दगडाधोंड्यांतून जाते, आणि पायवाट अरुंद असली तरी चालतं, कारण चाकच एक.

मंडळाची परवानगी मागायला मी गेले. कवळी घट्ट करायची होतीच, एका दगडात दोन पक्षी. आता बघ, आयुष्यात वादात मला कुणी हरवलेलं नाही, पण त्या दिवशी दातवाल्यानं हरवलं, कारण त्याचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते. तो सांगत राहिला, “आजी, तुमची भावना समजते, पण कुठे काही झालं तर?” मी घशातून आवाज काढला. त्याला वाटलं, पटलं. त्यानं हात बाहेर काढल्यावर मी जे बोलले ते बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसांनी सुद्धा ऐकलं (दोन जण दात न दाखवताच घरी गेले). शेवटी त्यानं अट घातली: भिंगरीच्या वजनाची वाळू खुर्चीत भरून एकदा वर न्या आणि खाली आणा, मंडळासमोर. सुखरूप झालं तर परवानगी. मी हो म्हटलं. कवळी मात्र त्या भांडणात सैल ती सैलच राहिली.

वाळूची फजिती काय सांगू! पोत्याला कंबर नसते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पट्टा बांधावा तर कुठे? पोतं एकदा डावीकडे झोपायचं, एकदा उजवीकडे. पुढे माझा थोरला, म्हणजे भिंगरीचा बाप (विजेच्या खांबांवर चढायची नोकरी, अंगात जोर भरपूर, डोक्याचं मी काही बोलत नाही), मागे सायकलवाला. वाटेत एका झुडपानं पोतं फाडलं आणि दोघांच्या लक्षातच आलं नाही. उलट थोरला खूष, म्हणे वर जावं तशी गाडी हलकी होतेय! माथ्यावर पोचले तेव्हा खुर्चीत नुसतं गोणपाट. दातवाला म्हणाला, “बघितलंत ना? प्रवासी वाटेतच संपला.” मंडळातले सगळे फिदीफिदी हसले. भिंगरी खाली पायऱ्यांशी थांबली होती, तिच्या कानावर हे गेलं. खाली आलेलं रिकामं गोणपाट तिनं घडी घालून मांडीवर ठेवलं. ते बघून मला चैन पडेना.

म्हणून पुढच्या खेपेला मी म्हटलं, वाळू गळते, मी गळत नाही, मला बसवा. दातवाला म्हणाला, तुमचं वय. मी म्हटलं, वाळूचं वय विचारलं होतंस का? भिंगरीपेक्षा मी थोडी जडच आहे, म्हणजे परीक्षा अवघडच झाली ना तुमची! झक मारत हो म्हणाला. भिंगरीनं स्वतः माझे पट्टे आवळले आणि म्हणाली, “आजी, जिथे धक्का बसेल तिथे ओरड. लाज बाळगू नकोस.” लाज! मला! दातवाल्याच्या हातात तिनं चुन्याची पिशवी दिली: आजी ओरडली की त्या दगडावर चुना टाका, तो दगड काढायचा. थोरल्यानं नि सायकलवाल्यानं मला खुर्चीसकट त्या तीन पायऱ्यांवरून उचललं, आणि ती मंडळाचा हातातला भोंगा घेऊन खाली थांबली.

धाकटे, त्या वाटेवर मी काय काय बोलले ते लिहिता येण्यासारखं नाही. लहान दगडाला लहान शिवी, मोठ्या दगडाला त्याच्या सात पिढ्यांसकट. मागे दातवाला चुना टाकतोय, कान लाल झालेत, आणि एका दगडाशी हळूच म्हणतो, आजी, हा तर साधा खडा आहे, याला एवढं? मी म्हटलं, जागा बदलू या, मग तू ठरव. चढ संपत आला, माथा समोर दिसायला लागला आणि शेवटच्या धोंड्याला मी मनापासून शिवी घातली, तशी शिवीबरोबर कवळीही बाहेर. गवतात गेली. दातवाला वाकून शोधायला लागला (त्याचंच काम, त्यानंच शोधावं), पाय खड्यावरून सरकला, घोटा मुरगळला आणि हे अध्यक्ष माझ्याच चुन्यात बसले. पण माणूस बघ, कवळी हातात घट्ट धरलेली! तेवढी तोंडात घट्ट बसवली असती तर ही वेळ आली नसती.

घोटा बघता बघता सुजला. आता खाली कसं न्यायचं? मंडळातल्या एकाची कंबर धरलेली, दुसऱ्याच्या चपला नव्या, तिसरा म्हणाला मी मदत बोलावून आणतो आणि तिथेच उभा राहिला. शेवटी सायकलवाल्यानं नुसतं खुर्चीकडे बोट केलं. दातवाला पांढराफटक. “मी? त्यात?” मी कवळी धुऊन तोंडात बसवली आणि सावकाश म्हटलं, का रे बाबा, कुठे काही झालं तर? मग पट्टे सोडवून उतरले आणि एका दगडावर बसले. परतीच्या खेपेला मला न्यायचं ठरलं, आणि थोरल्यानं फोनवरून भिंगरीला तसं कळवलं.

ते खाली निघाले आणि वारं असं होतं की मला सगळं ऐकू येत होतं. पहिल्यांदा दातवाला ‘हळू, हळू’ करत होता. मग चुन्याचा पहिला दगड आला आणि त्याच्या तोंडून शिवी आली. पुढच्या दगडाला जरा मोठी. एका धोंड्याला तर त्यानं माझीच शिवी दिली, शब्दाला शब्द! शिकलेला माणूस, लवकर आत्मसात करतो. तेवढ्यात खालून भिंगरीचा भोंगा, अगदी बसस्थानकातल्या आवाजात: “प्रवाशांनी लक्ष द्यावे. डोंगरमाथ्यावरून सुटलेली अध्यक्षांची गाडी थोड्याच वेळात पायथ्याशी पोचत आहे. माथ्यावर थांबलेल्या आजींनी गाडीची वाट बघावी व उरलेल्या शिव्या जपून वापराव्यात.” मी एकटीच त्या दगडावर इतकी हसले की कवळी हातात धरून ठेवावी लागली.

खरी गंमत पुढे झाली, ती मला थोरल्यानं सांगितली. गाडी आली कुठे, तर त्या तीन पायऱ्यांवर. घोडं अडलं. वर एकचाकी खुर्चीत दातवाला, खाली आपल्या खुर्चीत भिंगरी, मध्ये त्यानंच बांधलेल्या पायऱ्या. दोघं एकमेकांकडे बघताहेत. थोरला म्हणाला, उचलू का? भिंगरी म्हणाली, थांबा बाबा, घाई नको, डॉक्टरांना जरा बघू दे. मग त्याला विचारते, “तिथून दृश्य छान दिसतं ना?”

त्यावर दातवाला हसला. हे मात्र त्याचं कौतुक करते, घोटा ठणकत असताना हसला, आणि त्याच आठवड्यात कुबड्यांवर उभं राहून पायऱ्या फोडून घेतल्या. तिथे उतार आला. चुन्याचे दगड निघाले, खड्डे बुजले. मंडळाच्या थंडीतल्या फेरीच्या दिवशी त्यानं भाषण केलं की डोंगर सर्वांना खुला करायचा हे माझं जुनं स्वप्न होतं. म्हणू दे. त्याचीच कवळी तोंडात असताना त्याला काय चावायचं!

त्या दिवशी भिंगरी सगळ्यांच्या पुढे निघाली. मी खाली राहिले, कारण भोंगा तिनं माझ्या हातात दिला होता. (मी काय काय पुकारलं ते गाव अजून सांगतं.) पुढे बाप, मागे सायकलवाला, आणि ती मध्ये बसून दोघांना हुकूम सोडतेय: डावीकडे, सावकाश, बाबा ओढा, झोपलात का? तिच्या मागे आंधळा मालिशवाला दोरी धरून चढला, एका पायाचा शिंपी काठ्या टेकत चढला, आणि अध्यक्ष लंगडत सर्वांत शेवटी. बराच वेळ काही कळेना. मग फोन वाजला. वाऱ्याचा घोंघाट, आणि त्यातून आमच्या बाईसाहेब, जशी काही डोंगराची मालकीण: “आजी, काही नाही गं इथे. वारा आहे नि चार दगड.”

मी भोंग्यावरून सबंध पायथ्याला ऐकवलं. टाळ्या थांबेनात. मी रडले वगैरे नाही. चुना डोळ्यांत गेला होता.

यजमानांना नमस्कार, सुनेला शाबासकी.

तुझी,
थोरली

ता. क. त्यानंतर मी त्या खुर्चीतून आणखी तीनदा वर गेले. वाट तपासायला म्हणून सांगते. भिंगरी म्हणते, आजी, वाट तपासून झाली, आता उतर. तू बोलू नकोस कुणाला.

पुन्हा ता. क. तुझं वजन कळव. खरं कळव, लग्नाच्या वेळी सांगितलंस ते नको. आणि जो पाय आता नाही तो त्यात धरू नकोस. स्प्रिंग वजनाप्रमाणे बसवावी लागते.

शेवटचं ता. क. वजन कळवायला पोस्टात जायची गरज नाही. हे पत्र घेऊन आलेला माणूस पोस्टमन नव्हे, आमचा सायकलवाला आहे. दुसरी खुर्ची तयार झाली, ती टेम्पोतून घेऊन तुझ्या दाराशी उभा आहे. तुला वाचायला वेळ लागावा म्हणून मुद्दाम एवढं लांबवलं, तोवर त्याची चाकात हवा भरून झाली असेल. त्याला पाणी दे, केस विंचर आणि नीघ. तुझ्या घरामागच्या टेकडीवर काही नाही हे मलाही ठाऊक आहे. पण ते खिडकीतून म्हणायचं नाही.