मुळाला बांधलेला दोरा

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
५ ऑगस्ट २०२४

ती. उषाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले नाही. सोनिका शेजारच्याच खोलीत असते आणि भिंतींना कान असतात. ताई, ह्यांनी लावलेलं ऑर्किड सुनेनं बदललंय, असा मला दाट संशय आहे.

महिनाभर झाशीला जाण्याआधी, कुंडीबाहेर आलेल्या एका मुळाला, हिरव्या टोकाला अगदी लागून, मी पूजेतला लाल दोरा, कलावा, बांधला होता. कुणाला न सांगता, खूण म्हणून. परत येऊन बघते तर दोरा टोकापासून दोन बोटं मागे! आपलं झाड मेलं असणार. तसंच दुसरं आणून माझा दोरा त्याला बांधला, पण जागा चुकली. अभिराम म्हणतो, आई, तुला वहम झालाय. तो बायकोचीच री ओढणार.

ह्यांच्या हातचं तेवढंच उरलं होतं गं. खरं निघालं तर मी या घरात राहणार नाही. बॅग भरून ठेवली आहे, इंदूरला तुझ्याकडेच येते.

लोभ आहेच, तो या वेळी माझ्या बाजूने ठेव.
तुझी, राजू

इंदूर
१२ ऑगस्ट

चि. राजूस अनेक आशीर्वाद.

ये, पण आधी गाठ बघ. तू डावखुरी, तुझी गाठ कायम उलटी पडते. परकराच्या नाडीवरून आईची किती बोलणी खाल्लीस! गाठ उलटी असेल तर दोरा कुणी सोडलेलाच नाही.

मूळ वाढतं ते टोकाला. मागचा भाग जागच्या जागी राहतो. माझ्या गच्चीतल्या ऑर्किडचं मूळही महिन्यात एवढंच पुढे जातं. तुझा संशय मात्र पाण्यावाचूनही वाढतो.

काय ते लगेच कळव, म्हणजे गादी काढायची की नाही ते ठरेल.
उषाताई

ग्वाल्हेर
१९ ऑगस्ट

ती. उषाताईस सा. न. वि. वि.

गाठ उलटी आहे. माझीच.

भिंग घेऊन बघत होते, तेवढ्यात सोनिका आली. म्हणाली, दोरा तिला पहिल्याच दिवशी दिसला होता. आईंनी बाबांच्या झाडाला रक्षेसाठी कलावा बांधलाय, त्याला कसं छेडायचं, म्हणून महिनाभर दोऱ्याला हात न लावता जपून पाणी फवारत होती. ताई, मी सापळा लावला आणि ती तो सांभाळत बसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिला सगळं खरं सांगितलं. दोरा कापायला मी कात्री घेतली, तर तिने ती हातातून काढून घेतली. म्हणाली, बाबांच्या झाडाचा कलावा आहे, राहू द्या.

बॅग रिकामी केली. पुढचं पत्र आम्हा दोघींच्या नावाने घाल.
तुझी, राजू