मिस्टर कोणचा गुडघा

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.२०

नवी वही. नवं पेन. अक्षर छान येतंय.

पुतणीचा मेसेज आलाय. रविवारी, १६ तारखेला, सगळ्यांनी आमच्याकडे यायचं, बाबांबरोबर हा जुना भाग बघायचाय. खाली लिंक. काका, तुम्ही तर यायचंच यायचं.

बाबा म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. जुना भाग म्हणजे टीव्हीवरच्या कुस्तीचा, एकतीस वर्षांपूर्वीचा. याला कुस्ती तरी का म्हणायचं? चमचमत्या चड्ड्या घातलेली दोन माणसं आधी ठरवून एकमेकांना आपटतात आणि लोक शिट्ट्या मारतात. दादा आता पासष्टचा झाला. या वयात घर गोळा करून बघायचं काय, तर हे.

दादा आणि मी सात महिने बोलत नाही. पुतणीच्या नव्या घरी सगळ्यांसमोर मी एवढंच म्हणालो होतो, की दादाने जन्मभर गोदामात खोकी उचलली आणि घरी येऊन ही नाटकं बघितली, तिसरं काही केलं नाही. वस्तुस्थिती. तो उठला आणि लंगडत निघून गेला. मला काही फरक पडत नाही. सात महिने आणि चार दिवस झाले.

संकल्प: जायचं. पण हात हलवत नाही. त्या भागाची समीक्षा लिहून न्यायची. बारा पानं. सगळ्यांसमोर वाचायची. फसवणूक मिनिटामिनिटाने उघडी पाडायची. दादा म्हणेल, तुझंच बरोबर होतं रे. मग मी मोठ्या मनाने बोलायला सुरुवात करीन.

४ मार्च, मंगळवार. रात्री ८.००

लिहायला वेळ नाही. लॅबमध्ये सतरा कवळ्यांची ऑर्डर. दिवसभर मेण आणि प्लास्टर. शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या हातच्या दातांनी हसतात, पण त्याची दखल कोण घेतं?

लॅबमधल्या सिरॅमिकचं काम करणाऱ्या बाईंना समीक्षेचं सांगितलं. म्हणाल्या, खोटे दात बनवणाऱ्याने खोट्या कुस्तीला नावं ठेवावीत, कमाल आहे.

यावर उत्तर होतं: आमचे खोटे दात चावतात तरी. पण ते जिना उतरताना सुचलं. तोपर्यंत बाई घरी गेल्या होत्या.

६ मार्च, गुरुवार. दुपारी ४.४०

चार वाजता दोन कप काढले. दादा दर गुरुवारी चारला लॅबमध्ये चहाला यायचा. हाताची सवय, दुसरं काही नाही. एक कप परत ठेवला.

भागाची पहिली चार मिनिटं बघितली. धूर, दिवे, ढोल. समालोचक असा किंचाळतो की कोणीतरी त्याच्या पायावर उभं असावं. समीक्षेचं पहिलं वाक्य तयार: 'हे बघणाऱ्याने आपली बुद्धी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवावी.' भारदस्त आहे. पुढचं वाक्य उद्या.

७ मार्च, शुक्रवार

पुढचं वाक्य आलं नाही. पेन बरं चालत नाही.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.३०

आज मुख्य लढत सुरू केली. एका बाजूला 'सम्राट'. सोनेरी झगा, तेल पाजलेले केस, छाती पुढे. दुसऱ्या बाजूला 'मिस्टर कोण'. काळा मुखवटा, डोळ्यांना दोन भोकं, तोंडाला एक. झगा नाही, संगीत नाही, एक टाळी नाही. समालोचक हसत सांगतो, की मिस्टर कोण गेल्या चाळीस लढती हरलाय.

चाळीस! अशा माणसाने घरी बसावं की नाही? लिहून घेतलं: 'मिस्टर कोण हा हरण्याची नोकरी करणारा इसम आहे. याच्या घरच्यांना लाज वाटत असेल, म्हणूनच मुखवटा.' हे वाचताना दादाकडे बघायचं.

सम्राटाने त्याला तीनदा आपटलं. हा तीनदा उठला. काय गरज?

९ मार्च, रविवार. सकाळी १०.००

बायको म्हणते, काल मी स्क्रीनसमोर ऊठ, ऊठ असं ओरडत होतो. खोटं आहे. घसा मोकळा करत होतो. त्यावर ती म्हणाली, घसा मोकळा करताना उशीला गुद्दे मारतात का?

मग म्हणाली, तुम्हाला एक सांगायचंय, त्या मुखवट्याबद्दल. मी म्हटलं, मुखवटा या विषयावर माझी अडीच पानं झाली आहेत, ऐक. दीड पान ऐकलं आणि आत गेली. तिला या विषयात गती नाही.

११ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.१५

आज गुडघ्यापर्यंत पोचलो. अठ्ठाविसाव्या मिनिटाला मिस्टर कोण वरच्या दोरावर चढतो. सम्राट दोर हलवतो. हा वाकडातिकडा खाली, डाव्या गुडघ्यावर. मग गुडघा धरून लोळतो. तोंड उघडतं, आवाज निघत नाही.

इतका वाईट अभिनय मी जन्मात बघितला नाही. खरं लागलेलं माणूस ओरडतं. हा गप्प. साधं निरीक्षण नाही. लिहून टाकलं: 'गुडघ्याचं सोंग: शून्य तारे.'

दादाचा डावा गुडघाही असाच. गोदामात पोती उचलून गेला म्हणतो. वजनाचं काम निघालं की नेमका दुखतो. त्यावरही एक ओळ टाकली. समीक्षेत घरगुती उदाहरण असावं.

ते आठ वेळा बघितलं. अभ्यास म्हणून.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६.५०

चोरी! उघडउघड चोरी!

एकतिसावं मिनिट. सम्राट मिस्टर कोणच्या थोबाडीत देतो, आणि मुखवट्याच्या भोकातून दातांची प्लेट बाहेर उडते. वरचे पुढचे दोन दात. प्लेट पडते थेट कॅमेऱ्यासमोर. मी तिथेच चित्र थांबवलं आणि मोठं केलं.

दोन दातांच्या मधोमध खाली तिकोनी फट. असा तिकोन जगात एकाच माणसाच्या कामात आहे. माझ्या. एकतीस वर्षांपूर्वी, लॅबमध्ये शिकाऊ असताना, मी आयुष्यातली पहिली प्लेट बनवली ती दादाची. गोदामात खोकं तोंडावर पडून त्याचे पुढचे दोन दात गेले होते, असं तो म्हणाला. प्लेट बघून माझा तेव्हाचा मालक कपाळाला हात लावून बसला होता. आनंदाने, दुसरं काय. तिकोन ही माझी शैली होती. पुढे वापरली नाही. लोकांना कळत नाही.

म्हणजे त्या मालकाने माझं डिझाइन बाहेर पुरवलं आणि ते या मुखवटेवाल्याच्या तोंडात गेलं. प्लेटच्या गुलाबी पायावरही टाचणीएवढा बुडबुडा आहे, माझ्या प्लेटवर होता तिथेच. बुडबुड्यासकट नक्कल! काय ही निर्लज्ज माणसं.

आणि पुढे ऐका. हा मिस्टर कोण सम्राटाला सोडून मोडक्या गुडघ्याने रांगत प्लेट शोधायला लागतो. सापडल्यावर ती मुठीत धरून छातीशी घेतो. पंच एक, दोन, तीन मोजतो. हरला. एक्केचाळीस. जिंकायचं सोडून दात गोळा करणारा पैलवान! या प्रसंगावर स्वतंत्र पान.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी ४.१५

एकच कप काढला. मग दुसराही काढला. शेल्फवरची धूळ पुसायची होती.

सिरॅमिकवाल्या बाईंना चोरीचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, डावा दात उजव्याच्या जागी बसलाय आणि उजवा डाव्याच्या, म्हणून मध्ये फट पडलीये. पहिल्या महिन्यातली पोरं करतात ही चूक. मी म्हटलं, नक्कल करणाऱ्याने चूक केली असणार. मग त्यांनी विचारलं, तुमचे दादा काय करायचे म्हणालात तेव्हा? म्हटलं, गोदामात रात्रपाळी, आठवड्यातून तीनदा. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. विनाकारण.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.००

बारा पानं पूर्ण. शेवटचं वाक्य: 'ज्यांना खरं आणि खोटं यातला फरक कळत नाही, त्यांची कीव करावी.'

बायको म्हणाली, उद्या चला, पण ती वही घरी ठेवा, मी हात जोडते. दादांना वाईट वाटेल. मी म्हटलं, सत्य कडू असतं. ती म्हणाली, अहो, त्या मुखवट्यामागे. मी म्हटलं, मुखवट्यामागे काय ते पान तीनवर आहे. ती हात झटकून निघून गेली. तिने वाक्यसुद्धा पुरं केलं नाही. अर्धवट बोलायची सवयच आहे तिला.

१६ मार्च, रविवार. सकाळी ९.०५

निळा शर्ट. वही पिशवीत. आवाज उत्तम. सात महिने आणि सतरा दिवसांनी आज निकाल.

१६ मार्च. संध्याकाळी ७.४०

लिहितोय. लिहायला हवं.

दादाने दार उघडलं. ये म्हणाला. एवढंच, पण पहिला शब्द त्याचा होता. पुतणी टीव्ही लावत होती. मी म्हटलं, थांब, आधी मी वाचतो, मग बघा. वहिनी म्हणाल्या, राहू द्या ना भावजी. मी उभा राहिलो आणि सुरू केलं.

दादा मन लावून ऐकत होता. दोनदा हसलाही. एकदा म्हणाला, हे बरोबर पकडलंस, तो फटका लागलाच नव्हता. मला स्फुरण चढलं. घरच्यांना लाज वाटत असेल ते वाक्य मी ठरल्याप्रमाणे त्याच्याकडे बघून वाचलं. तो मान खाली घालून हाताची नखं बघत होता. पुतणी उठून खिडकीपाशी गेली. मला वाटलं, सत्य झेपत नाहीये.

गुडघ्याचं सोंग, शून्य तारे. मग दात. एकेक शब्द नीट उच्चारून. बारा पानं संपली. टाळी नाही. मी दादाला विचारलं, काय मत आहे?

दादा म्हणाला, चांगलं लिहिलंयस. बाकी सगळं ठरलेलं होतं. गुडघा ठरलेला नव्हता. आणि दातही नाहीत.

मी विचारलं, तुला काय माहीत?

हो. एवढं ऐकूनही मी हेच विचारलं. बायकोने डोळे मिटून घेतले. पुतणी वळली, रडत होती. म्हणाली, काका, बाबाच होते ते. मिस्टर कोण.

गोदामात रात्रपाळी नव्हतीच. आठवड्यातून तीनदा हरायची नोकरी होती, आणि मुखवट्यामागे कोण ते सांगायचं नाही असा करार. करार संपल्यावर त्याने वहिनींना सांगितलं, पुतणी मोठी झाल्यावर तिला, माझ्या बायकोला नऊ वर्षांपूर्वी. मलाच नाही. का, विचारलं. म्हणाला, तू टीव्हीसमोरून जाताना एकदा म्हणाला होतास, असलं काम करण्यापेक्षा माणसाने उपाशी मरावं. त्या रात्री मला कामावर जायचं होतं.

मला आठवत नाही. पण हे वाक्य माझंच आहे. माझ्यासारखंच आहे.

ती त्याची शेवटची लढत होती. गुडघा गेला, काम सुटलं, मग खरोखरीचं गोदाम. म्हणून त्याला आज सगळ्यांबरोबर एकदा बघायचं होतं. मीही हवा होतो. मीच हवा होतो, असं वहिनी म्हणाल्या.

मी विचारलं, दात कशाला शोधत बसलास? मोडक्या गुडघ्याने?

म्हणाला, तू पहिल्यांदा काहीतरी बनवलं होतंस. फुटलं असतं तर तुला काय सांगणार होतो?

मग त्याने तोंडातून प्लेट काढली आणि टेबलावर ठेवली. मधोमध तिकोन. बोळक्या तोंडाने म्हणाला, डावीकडून जरा टोचते. सवडीने बघ. विचारलं, कधीपासून टोचते? म्हणाला, पहिल्या दिवसापासून.

मला रडू आलं. सगळ्यांसमोर. घसा मोकळा करत नव्हतो.

१७ मार्च, सोमवार. सकाळी ८.३०

प्लेट भिंगाखाली बघितली. डावा उजव्याच्या जागी, उजवा डाव्याच्या. शैली वगैरे काही नाही. डावीकडे तारेचं टोक आत वळलेलं आहे. दहा मिनिटांचं काम. तो एकतीस वर्षं दर गुरुवारी माझ्यासमोर बसून चहा पीत होता.

समीक्षेची बारा पानं फाडून टेबलावर अंथरली. प्लास्टर सांडतं.

२० मार्च, गुरुवार. दुपारी ४.५०

नवी प्लेट तयार. तिकोन नाही.

लॅब दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. इतकी वर्षं दादा तो गुडघा घेऊन वर येत होता आणि मी वरून ओरडायचो, चहा निवतोय. संकल्प: आज खाली जाऊन त्याला हात देऊन वर आणायचं.

गेलो. हात दिला. त्याने धरला. निघालो.

पहिल्या मजल्यावर थांबावं लागलं. मला धाप लागली, मी पायरीवरच बसलो. दादा दोन पायऱ्या वर, गुडघा चोळत माझी वाट बघत उभा होता. म्हणाला, ऊठ.