स्वतःच्याच टोपलीवर बोली

आई, परवा चर्चमध्ये सुगीचा सण झाला. उपासना आटोपल्यावर अंगणात लिलाव लागला आणि कुणाच्या तरी घरच्या एका अननसासाठी दोन तरुण पोरं अशी इरेला पेटली की विचारू नकोस. हल्ली बोली जिंकली की पैसे तिथल्या तिथे फोनवरून भरतात. लोक टाळ्या पिटत होते आणि मी म्हातारी खुर्चीत बसून एकटीच इतकी हसत सुटले की शेजारच्या बाईंनी घाबरून मला पाणी आणून दिलं. त्यांना काय सांगणार? तू असतीस तर आधी रागावली असतीस आणि मग माझ्याहून जास्त हसली असतीस. घरी आल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. आता मी वयाने तुझ्यापेक्षा कितीतरी मोठी झालेय, तेव्हा थोडं अधिकाराने लिहिलं तर चालवून घे.

मल्लेश्वरममधल्या त्या घराला तू बरीच वर्षं घर म्हटलंच नाहीस. 'खोल्या' म्हणायचीस. पुढच्या बाजूला मालकीण अज्जी आणि मागच्या दोन खोल्यांत तू, बाबा आणि मी. नळ अंगणात, न्हाणी अंगणाच्याही पलीकडे. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे, तू मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचीस. घरात आपली बेळगावकडची मराठी, फाटकाबाहेर कन्नड, आणि चर्चमध्येही कन्नडच, कारण जवळ तेच होतं. तुला साइट हवी होती. बंगळुरात घर बांधायच्या मोकळ्या जागेला सगळे साइटच म्हणतात, आणि तेव्हा गावाच्या दक्षिणेला नव्या वसाहती आखत होते. तू ते घर स्वयंपाकघराच्या जमिनीवर कापड बेतायच्या खडूने काढून ठेवलं होतंस. ही चूल, ही खिडकी, हा घरातला नळ, ही माझी खोली. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्यावरून चालले की तू ओरडायचीस, "भिंतीतून कुठं चाललीस गं? दार तिकडं हाय की!" आणि मी खरंच वळसा घालून दारातून जायचे. या खोल्यांच्या भिंतीत मात्र तू एक खिळा ठोकू दिला नाहीस. दुसऱ्याच्या भिंतीला कशाला सजवायचं, म्हणायचीस. साइटच्या अर्जाबरोबर शंभर रुपये अनामत भरायची होती, महिनाअखेरच्या आत. तुम्ही दोघांनी ते काही वर्षं पोटाला चिमटा काढून पोस्टात साठवले होते.

आणि त्याच महिन्यात सुगीचा सण आला. ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं पहिलं देवापुढे ठेवायचं आणि मग त्याचा लिलाव करून पैसे चर्चला द्यायचे. आपल्याकडे काय पिकणार? न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला सीमे बदनेकायीचा, म्हणजे चौचौ म्हणतात त्या फळभाजीचा वेल. हिरवी, सुरकुतलेली, म्हातारीच्या बोळक्या तोंडासारखी ती फळं. बंगळुरात ज्याच्या त्याच्या परसात तीच लटकलेली असायची. पण तू ती पुसून, खाली धुतलेला रुमाल अंथरून, वर दोन गुलाब ठेवून टोपली सजवलीस. तुझ्या हाताला नीटनेटकेपणाची खोडच होती.

मी अजून ते अंगण बघतेय. कंत्राटदारांच्या घरची काळी द्राक्षं वीस रुपयांना गेली आहेत. पुढच्या बाकावर बसणारी, मोटारीतून येणारी ती माणसं. मग चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे आपली टोपली उचलून धरतात आणि विचारतात, दोन आणे कोण देतं? कुणीच बोलत नाही. आणि कंत्राटदारीणबाई हसत म्हणतात, "इदन्न नाव् हसुगे हाक्तीवि!" हे तर आम्ही गाईला घालतो. सगळं अंगण खो खो हसतं. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या, हे मला पुढे कळलं. त्यांच्याकडे गाय होती आणि त्या तिला खरंच ते घालायच्या, एवढंच.

पण तुझे कान लाल झाले. आपल्याच टोपलीवर आपण बोली लावू नये असा काही नियम नव्हता, कारण असं कुणी करील हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ऐदु रूपायि." पाच रुपये. त्या म्हणाल्या, दहा. त्यांना वाटलं गंमत चाललीय. तू वीस म्हणालीस. लिलाव पुकारणाऱ्या वडीलधाऱ्यांना तर उत्साहाचं भरतं आलं, ते टोपली डोक्यावर धरून नाचायचेच बाकी होते. तीस, चाळीस, पन्नास. बाबा माझ्या शेजारी बसून आपल्या चपलांकडे बघत होते. त्या म्हणाल्या साठ, आणि तू म्हणालीस, "शंभर!" इतका वेळ कन्नडमध्ये बोललीस, पण हे मराठीतून आलं. मला वाटतं गेले कित्येक महिने तुझ्या डोक्यात तो एकच आकडा होता, म्हणून तोच तोंडात आला. "ओंदु सारि, एरडु सारि, मूरु सारि!" एक वार, दोन वार, तीन वार, आणि टोपली तुझी झाली. टाळ्या पडल्या. तुझा चेहरा मला त्या वेळी फार सुंदर दिसला, आणि मग हळूहळू तो पांढरा पडत गेला.

घरी येताना टोपली तुझ्या कमरेवर होती. गल्लीच्या वळणावर बाबा म्हणाले, "जड असेल, दे इकडं." बस्स, तेवढंच. पण पुढचा आठवडा आपण दुसरं काही खाल्लं नाही. सांबारात तेच, भाजी तीच, सालांची चटणी. बाबा पानावरून उठताना गंभीरपणे म्हणायचे, "आज बारा रुपयांचं तरी जेवलो बघ." पहिल्या दिवशी तू पानावरून उठून गेलीस. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी घास तोंडात असताना तुला हसू फुटलं, ठसका लागला, आणि हसता हसता तू रडायला लागलीस. बाबांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्यासमोर तसं त्यांनी पहिल्यांदाच केलं.

चर्चचे पाळक त्याच आठवड्यात आले. अनामत भरायला अजून दिवस होते आणि पैसे अजून पोस्टातच होते. कॉफीचा पेला हातात घेऊन ते म्हणाले, "अक्का, सणाच्या भरात माणूस बोलून जातो. जमेल तेवढं द्या. त्या बाईही म्हणतात, निम्मे मी घालते." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, माझ्या खडूच्या खोलीत, आणि डोळे मिटून देवाला म्हणत होते, आई हो म्हणू दे, हो म्हणू दे.

तू म्हणालीस, "देवाला द्यायचे म्हणून मी बोलले असते तर कमी केले असते. मी तिला हरवायला बोलले. म्हणूनच पुरे द्यायला पाहिजेत."

"म्हणजे मग हे दान नव्हे, दंड झाला," पाळक म्हणाले. "देव तुमच्याकडे दंड मागत नाही."

"त्याला नको असंल. मला पाहिजे."

पाळकांनी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "सरी, ठीक आहे. उद्या पोस्टातून काढतो." पुढे कितीतरी जण म्हणाले की उसने घ्यायचे होते, साइट सोडायची नव्हती. कुणाकडून घेणार होतो? आपल्या ओळखीत ज्यांच्याकडे एवढे पैसे होते त्या एकट्या कंत्राटदारीणबाई.

अनामतीची तारीख आली आणि गेली. त्या रात्री तू स्वयंपाकघर पुसून काढलंस. सकाळी मी कुठूनही चालू शकत होते, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

तू लगेच संतासारखी शांत झालीस असं मी कुणाला सांगितलं तर कबरीतून उठून माझा कान धरशील. चांगली दोन-तीन वर्षं तू नुसती धुमसत होतीस. कुणाच्याही नव्या घराच्या प्रार्थनेला गेलो की येताना तुझं डोकं दुखायचं. "बघितलंस? धूर जायला वाट नाही. आणि ती मोरी!" एकदा कुणी मोठे पाहुणे समाधानावर उपदेश करून गेले, तर तू म्हणालीस, "बंगला असला की समाधान लवकर येतं." पण बायबलातल्या प्रेषिताने तुरुंगात बसून समाधानी राहायला आपण शिकलो असं लिहिलंय, ते तुला पटायचं. "शिकला म्हणतोय, म्हणजे आधी येत नव्हतं त्याला. शिवणासारखंच की. दहा वेळा उसवल्याशिवाय सरळ येत नाही."

तुझी उसवण मी बघितलेली आहे. कंत्राटदारीणबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्या स्वतः पांढऱ्या झग्याचं कापड घेऊन आपल्या दारात आल्या. मला वाटलं आता तू नाही म्हणशील, नाहीतर फुकट शिवून देशील, कारण तुझ्याकडे रागाच्या या दोनच तऱ्हा होत्या. तू कॉफी दिलीस, मापं घेतलीस आणि जी मजुरी सगळ्यांकडून घ्यायचीस तीच सांगितलीस. त्या गेल्यावर मी विचारलं, फुकट का नाही? तू सुईत दोरा ओवत म्हणालीस, "फुकट दिला असता तर तो परत लिलावच झाला असता गं." झगा सुरेख झाला. लग्नात त्या बाई सगळ्यांना तुझं नाव सांगत फिरल्या आणि तू मागच्या बाकावर बसून पोटभर केक खाल्लास.

पुढच्या पावसाळ्यात तू एक बी रुजवलंस. शाळेतल्या कुणीतरी दिलेलं बटर फ्रूटचं, हल्ली अव्होकाडो म्हणतात त्याचं. या झाडाला फळ धरायला किती वर्षं लागतात हे तुला ठाऊक होतं. अज्जी काठी टेकत आली आणि म्हणाली, भाड्याच्या अंगणात कसलं झाड लावतेस, "हण्णु यारु तिन्नोदु?" फळं खाणार कोण? तू माती दाबत म्हणालीस, "इरोरु तिंतारे." जे असतील ते खातील. अज्जीला ते इतकं आवडलं की तिने पुढे बरीच वर्षं भाडं वाढवलं नाही. बाबा म्हणायचे, झाड लावून भाडं वाचवणारी बाई सगळ्या म्हैसूर राज्यात एकच. त्याच आठवड्यात तू बाबांना सांगून भिंतीत खिळे ठोकून घेतलेस, एक सोडून चार, आणि शाळेतून घरी आल्यावर 'खोल्यांवर आले' न म्हणता 'घरी आले' म्हणायला लागलीस. मी तेव्हा मोठी होत होते, मला वाटलं तू हरलीस. तू हरली नव्हतीस, आई. तू सकाळी अंगणातल्या नळावर भांडी घासताना गाणी म्हणायचीस, आणि हरलेली माणसं इतकी बेसूर आणि इतक्या मोठ्याने गात नाहीत.

पहिली फळं धरली तेव्हा तू होतीस, हे फार बरं झालं. साखर घालून चमच्याने खाल्लंस आणि म्हणालीस, "चव म्हणशील तर काही नाही. पण पोट भरतं." मग अज्जीला वाटी नेऊन दिलीस. दोन वर्षांनी तू गेलीस, त्याच घरातून.

आता माझं सांगते. जे. पी. नगरात माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, माझ्या पगारातून घेतलेला. मुलगा कोरमंगलात असतो. तो सारखा म्हणतो, आई, हा विकू, मोठा घेऊ, लिफ्टवाला. मी म्हणते, मला हा पुरतो. परवा तो चिडून म्हणाला, "तुला काहीच कसं नको गं?" मला आतून फार अभिमान वाटला, जणू बक्षीस मिळालं. खरंच मला काही नको आहे. सकाळची कॉफी, प्रार्थना, गुडघे चालतील तेवढं चालणं. रात्री पडल्या पडल्या झोप येते.

पण काल मी मुलाला न सांगता रिक्षा केली आणि त्या वसाहतीत गेले, जिथे तुझी साइट असायची होती. अर्ज केलाच नव्हता म्हणजे तुझी कुठली हे कधी ठरलंच नाही, म्हणून मी आपली एक निवडली. कोपऱ्यावरची, पूर्वेला तोंड असलेली. आता तिथे चार मजले आहेत आणि खाली औषधांचं दुकान. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, कुणाला शोधताय?" मी म्हटलं, कुणाला नाही, स्वल्प थांबा. आणि उन्हात उभी राहून बराच वेळ बघत राहिले.

पाठवता आलं असतं तरी हे पत्र मी तुला पाठवलं नसतं. तू इतक्या कष्टाने जे शिकलीस ते मला सगळं आलं असं तुला वाटावं, एवढी माझी इच्छा आहे, आणि ते खरं नाही. माझ्यासाठी मला काही नको. पण ते घर मला तुझ्यासाठी अजूनही हवं आहे.