मिशिगनमधलं स्वदेशी

बाबा, परवा खंडेनवमी होती आणि मी तुमच्या कारखान्यात गेले होते. ज्या मशिनला तुम्ही म्हातारी म्हणायचात ती अजून चालते. तार आत ओढते, खटाखट वळवते आणि तयार स्प्रिंगा खालच्या पिंपात टाकते. परवा तिच्या माथ्यावर झेंडूची माळ होती. माळ कसली, नर्सरीतून आणलेल्या रोपांची फुलं देठापानांसकट स्प्रिंगच्या तारेत ओवलेली! लांब्याने केली होती. हो, तुमचा लांब्या अजून तिथेच आहे. तुमच्या हाताखाली शिकायला आलेल्या त्या सहा फुटी गोऱ्या माणसाला तुम्ही पहिल्याच दिवशी हे नाव दिलंत, आणि त्याचा अर्थ न विचारता तो त्या नावाला ओ देत राहिला. आता त्याचे केस पांढरे झालेत, तुमच्याच जागेवर फोरमन आहे, आणि त्याच्या शर्टावर शिवलेल्या पट्टीवरही इंग्रजीत 'लांब्या'च लिहिलंय, चुकीच्या स्पेलिंगने. दरवर्षी पानं पिवळी व्हायला लागली की त्याचा मला फोन येतो, "किड, यंदा टूल डे कधी आहे?" मी फोनवरच्या कॅलेंडरात बघून तारीख सांगते. माझ्या घरी मी खंडेनवमी करत नाही. तो करतो.

पहिल्या वर्षीचा घोळ आठवतो ना तुम्हाला? आपण नुकतेच पिंपरीहून आलो होतो, मी चौथीत, आणि तुम्हाला दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा केल्याशिवाय राहवेना. तुम्ही सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेलात, म्हातारीला कुंकवाचं बोट लावलंत, दोन अगरबत्त्या ओवाळल्यात आणि कामाला लागलात. थोड्या वेळाने माल तपासणारा इन्स्पेक्टर आला. कारखान्यात लाल खूण म्हणजे रिजेक्ट. त्याने मशिन बंद केलं, सकाळपासूनचा सगळा माल बाजूला काढला आणि थेट मालकाला बोलावून आणलं. तुमचं तेव्हाचं इंग्रजी कसंबसं होतं. "नो रिजेक्ट, थँक यू, थँक यू मशिन" एवढंच तुम्ही म्हणत राहिलात. मालक म्हातारीकडे बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, या बाईला आजवर कुणी थँक यू म्हटलेलं नाही, दर वर्षी म्हणत जा. तुम्ही घरी येऊन हे सांगताना इतके हसत होतात की आईला दोनदा विचारावं लागलं, नोकरी राहिली का गेली?

त्या मालकामुळे असेल किंवा तुमच्या मूळच्या हट्टामुळे, पण तुमचं स्वदेशीचं खूळ तिथूनच सुरू झालं. आजोबांनी जन्मभर खादी वापरली होती, तेव्हा शब्द घरातलाच होता, तुम्ही फक्त देश बदललात. दुकानात गेलं की प्रत्येक वस्तू उलटी करून तळ वाचायचा, कुठे बनलीय ते. टोस्टर, पातेली, इस्त्री, खराटा, सगळं उलटं. आई म्हणायची, "अहो, चारचौघांत भांडी उलटी काय करताय, लोकांना वाटेल भोकं शोधतोय." तुम्ही म्हणायचात, "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. आपली पोळी इथली आहे." यावर आईचं ठरलेलं उत्तर असे, की पोळी तिने लाटलेली आहे आणि पीठ देशी दुकानातून आलंय. इथे 'देशी' म्हणजे भारतातलं आणि तुमचं 'स्वदेशी' म्हणजे मिशिगनचं, असा आमच्या स्वयंपाकघरात कायमचा गोंधळ होता. शिवाय तुमचे बनियन! इथले बनियन अंगाला टोचतात म्हणून ते मात्र दर खेपेला पुण्याहून बॅगेत भरून यायचे. वर अमेरिका, आत लक्ष्मी रोड, असं आई म्हणायची, आणि तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात.

मला त्या भांडी उलटी करण्याची मरणाची लाज वाटायची. नववीत असताना मी शेजारच्यांची मुलं सांभाळून साठवलेल्या पैशांतून एक जांभळं जॅकेट घेतलं. वर्गात सगळ्यांकडे तसंच होतं. तुम्ही ते हातात घेतलंत, कॉलर उलटी करून पट्टी वाचलीत आणि घडी घालून परत दिलंत. ओरडला नाहीत. मीच चिडून म्हटलं, "बट इट वॉज सो चीप!" तुम्ही म्हणालात, "स्वस्त आहे, बरोबर. आता अशी जॅकेटं शिवणाऱ्या इथल्या बाईकडे शनिवारी जाऊ आणि तिला सांगू किती स्वस्त मिळालं ते." मला वाटलं, टोमणा आहे. तुम्ही खरंच मला नेलंत. आपल्या गावाबाहेर कोट शिवणारा कारखाना होता, तो बंद पडून काही महिने झाले होते. दाराला साखळी, आणि पार्किंगमध्ये फटीफटींतून गवत वर आलेलं. आपण गाडीतच बसलो. तुम्ही थर्मासमधला चहा मला दिलात, स्वतः प्यायलात, आणि आपण घरी आलो. मी ते जॅकेट कॉलेजपर्यंत वापरलं. दर वेळी घालताना तुमचा राग यायचा.

आता मी काय करते ते सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकून नोकरीला लागले होते. आमची कंपनी गवत कापायची मशिनं बनवते आणि त्यांना लागणारे सुटे भाग कुठून घ्यायचे ते मी ठरवते. आमच्या खोक्यावर मोठा झेंडा छापलेला असतो. खाली लिहिलेलं असतं, 'असेंबल्ड इन यूएसए'. तुम्ही खोकं उलटं केलं असतंत आणि विचारलं असतंत, असेंबल्ड म्हणजे? म्हणजे बाबा, जोडणी इथे, बाकी कुठूनही. त्यातल्या स्प्रिंगा तेवढ्या इथल्या, तुमच्या कारखान्यातल्या, तासाभराच्या अंतरावरून येणाऱ्या. त्या ऑर्डरवर मी सही करायचे तेव्हा मला फार बरं वाटायचं. तुम्हाला काहीतरी पाठवल्यासारखं वाटायचं.

पुढच्या हंगामापासून त्या स्प्रिंगा चाकणहून येणार आहेत. टीव्हीवर रोज सांगतात की कारखाने परत येताहेत, बाहेरच्या मालावर टॅरिफ लावलंय, आता सगळं इथेच होणार. आमचे साहेब म्हणतात, टॅरिफ आज आहे उद्या नाही, आपण दहा वर्षांचं बघायचं. माणूस वाईट नाही, आकडेही खोटे नाहीत. मी ते तीनदा तपासले, कुठेतरी चूक सापडावी म्हणून. नाही सापडली. मग त्यांनी विचारलं, "तुला तिथली भाषा येते ना?"

येते. तुम्हीच शिकवलीत. घरात मी इंग्रजी बोलले की ऐकूच आलं नाही असं दाखवायचात. मी रडून "आय ॲम हंग्री" म्हटलं तरी तुम्ही पेपर वाचत राहायचात, "भूक लागली" म्हटल्यावर उठायचात. उन्हाळ्यात मी चाकणला गेले. पहिला दिवस इंग्रजीत गेला, सगळे एकमेकांना सर आणि मॅडम म्हणत होते, भाव जागचा हलत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथले मालक म्हणाले, मॅडम तुम्ही जेवून घ्या, माझा आज उपास आहे. मी म्हटलं, "काका, मग मलाही साबुदाण्याची खिचडीच चालेल, दाण्याचं कूट जास्त घाला म्हणावं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू नात्यातलीच कुणी निघाले. मॅडमची ताई झाले. खिचडी खाता खाता सगळं ठरलं, भाव, मुदत, नमुने. त्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर आसपासच्या गावांतल्या मुली होत्या, पहिल्यांदाच पगार हातात घेणाऱ्या, एकीने मला तिची नवी स्कूटी दाखवली. ते मला वाईट कसं म्हणता येईल? निघताना काका म्हणाले, "ताई, तिकडे राहूनही काम आपल्या माणसाला दिलंत. याला म्हणतात स्वदेशी!" आणि मी हसले, बाबा. तोंडभर हसले. परतीच्या विमानात तो शब्द आठवत राहिला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. माझ्या बाबतीत गोत कोणतं आणि दांडा कोणता, तेही मला धड सांगता येत नाही. लाज वाटते तेवढं कळतं.

तुमच्या कारखान्याला हे नवीन वर्षानंतर कळवायचं ठरलंय. तोवर कुणी ब्र काढायचा नाही. दरम्यान त्यांच्याकडून जास्तीचा माल करून घ्यायचा, चाकणचं बस्तान बसेपर्यंत पुरेल एवढा. परवा मी त्याचसाठी गेले होते. लांब्याला वाटलं, पूजेला आले. त्याने सगळ्यांना बोलावलं, "हिच्या वडिलांनी सुरू केलं हे," असं नवीन लोकांना सांगितलं. ओव्हरटाइम मिळतोय म्हणून सगळे खुशीत होते. एक बाई म्हणाली, बऱ्याच वर्षांनी ख्रिसमस चांगला जाणार. लांब्याने माल उतरवायच्या फलाटावर हातोड्याने नारळ फोडला, पाणी बुटांवर सांडलं, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मला दिला. तुमच्या वेळी तो तुम्हाला द्यायचा. मी तो खाल्ला.

मग तो मला तुमच्या जुन्या केबिनमध्ये घेऊन गेला आणि दार लावून घेतलं. म्हणाला, हायवेवरच्या त्या मोठ्या गोदामात मशिनं सांभाळायचं काम आलंय. पगार थोडा कमी, पण इन्शुरन्स चांगला, आणि बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय, नाहीतर ते दुसरा माणूस घेणार आहेत. "बायको म्हणते, घे. मी म्हटलं, एवढ्या ऑर्डरी असताना हे सोडून कुठे जाऊ? आणि म्हातारीला कोण बघणार? तुझे वडील असते तर त्यांना विचारलं असतं, ते नाहीत म्हणून तुला विचारतो. टेल मी स्ट्रेट, किड. आर वी गुड?"

मी म्हटलं, "वी आर गुड."

एवढ्यावर गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण तो माझ्याकडे बघतच होता, म्हणून मी पुढे म्हणाले, "मी तुझ्या जागी असते तर घाई केली नसती." त्याने सुटकेचा निःश्वास टाकला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, यू साउंड जस्ट लाइक हिम. अगदी तुमच्यासारखी बोलते म्हणे मी. तुम्ही कधी त्याला खोटं सांगितलं होतंत? मला आठवत नाही. एकदा मंदीत माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा तुम्ही आदल्या रविवारी एकेकाच्या घरी जाऊन सांगून आला होतात. मालक रागावला, तुमची बढती वर्षभर अडली. आई म्हणाली, तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? तुम्ही म्हणालात, सोमवारी सकाळी डबा घेऊन आलेल्या माणसाला काय तोंड दाखवू? मी जिन्यावर बसून ऐकत होते. मला तेव्हा तुम्ही बावळट वाटला होतात.

आज गुरुवार आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून हे लिहितेय, जेवणाची सुट्टी केव्हाच संपली. दोन दिवस मी स्वतःला बजावतेय की सांगितलं तर माझी नोकरी जाईल, गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे, मुलाचं कॉलेज आहे. पण बाबा, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? नोकरीबिकरी काही जाणार नाही. लांब्याला नुसतं "ते काम घे" म्हटलं तर तो कारण विचारणार नाही आणि कुणाजवळ बोलणारही नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मला भीती आहे ती एवढीच, की फोन ठेवल्यावर त्याला सगळं उमजेल, आणि पुढच्या वर्षी तो तारीख दुसऱ्या कुणाला तरी विचारेल. त्याच्या बायकोच्या गुडघ्यांपेक्षा मला ते मोठं वाटतंय. आता तुम्ही म्हणाल ते म्हणा.

तो दुपारचं जेवण त्याच्या ट्रकमध्ये बसून खातो, फोन शेजारच्या सीटवर ठेवलेला असतो. एवढी पानं तुम्हाला लिहून झाली, तेवढ्यात त्याला एक वाक्य दहादा सांगून झालं असतं. अजून मी ते सांगितलेलं नाही.