आठचा सुळका

४ सप्टेंबर

विजेचं बिल आलं. दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आकडा काही हलला नाही!

लाँड्री तीच, गिऱ्हाइकं तीच, चादरी तेवढ्याच. बिल मात्र महिन्या-महिन्याला फुगतंय. ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "हं." लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यातली निम्मी या "हं"वरच गेली.

५ सप्टेंबर

दिवसभर ओरडले. दिवा बंद कर, पंखा बंद कर. धुणाऱ्या दोघी अंधारात कपडे चाचपत होत्या. त्यातल्या एकीने हॉटेलच्या पांढऱ्या चादरींत कुणाचा तरी लाल मोजा टाकला.

बावीस चादरी गुलाबी.

दिवे लावले परत.

७ सप्टेंबर

चोर सापडला. इस्त्री! दिवसभर फुसफुसत असते, जवळ गेलं तरी चटका बसतो. एवढं तापतंय म्हणजे वीज पीतच असणार. हे कळायला शाळा लागत नाही. (चौथीपर्यंत गेले तेवढी पुरे.)

आमची प्रेसवाली अकरा वर्षांपासून त्या इस्त्रीमागे उभी आहे. तिला म्हटलं, "तुझी इस्त्री मला बुडवणार बघ." तर म्हणते, "ताई, इस्त्री माझी कुठली? मी तर नुसती धरते."

तोंड फार आहे तिला. पण घडी अशी घालते की चादर उलगडायचं जिवावर येतं.

८ सप्टेंबर

भाची येऊन गेली. विजेचं शिकलीय, कारखान्यांना मीटर बसवून देते. म्हणाली, "मावशी, बिलात नुसती बेरीज असते. कोण किती खातंय ते त्यात दिसत नाही. रविवारी येते, प्रत्येक मशिनाच्या लाईनला वेगळा छोटा मीटर बसवते. तोवर कुणाला काही बोलू नकोस."

रविवारला सहा दिवस आहेत.

१० सप्टेंबर

राहवलं नाही. प्रेसवालीला सांगून टाकलं – उद्यापासून येऊ नकोस. हॉटेलच्या चादरी बाहेर इस्त्रीला देईन, दवाखान्याच्या नुसत्या घडी घालून चालतात.

वाटलं होतं भांडेल. मी तयारीतच होते! पण तिने इस्त्री बंद केली, वायर गुंडाळली आणि म्हणाली, "आतलं पाणी काढून ठेवलंय. नाहीतर गंजेल."

गेली.

हे काही बोलले नाहीत. "हं" सुद्धा नाही.

१४ सप्टेंबर

मीटर बसले. चार डब्या ओळीने भिंतीवर – धुण्याची मशिनं, सुकवणीचं मशिन, इस्त्री, दिवे-पंखे. सगळं फोनवर दिसतं म्हणे.

मी म्हटलं, "म्हणजे कुणाच्या ताटात किती वाढलं ते कळणार?"

"हो मावशी. आणि कोण किती वाजता जेवलं तेही."

हे असं सांगितलं की कळतं.

१६ सप्टेंबर

फोनवर बघतेय. दिवसभर रेघ शहाण्यासारखी चालते, पण सकाळी आठला एकदम सुळका! कालही आठला, आजही आठला. आणि इस्त्री तर बंदच आहे. तिच्या ताटात शून्य.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, बिलात दोन गोष्टी असतात. महिनाभरात वीज किती वापरली ती एक. आणि महिन्यातल्या सगळ्यात हावऱ्या अर्ध्या तासात किती ओढली, त्याचे पैसे वेगळे लागतात, आणि त्याचाच दर सारखा वाढतोय. एक दिवस, एक अर्धा तास हावरटपणा केला की महिनाभराला पुरतो! मग विचारते, "मावशी, आठला काय असतं तुझ्याकडे?"

आठला मी असते.

आठ वाजले की मी मधोमध उभी राहते, टाळी वाजवते आणि म्हणते, "चालू!" की सगळ्या एकदम खटके पाडतात. मशिनं, सुकवणी, इस्त्री, सगळं एका दमात. जमीन थरथरते. लाँड्री उघडली तेव्हापासूनची माझी शिस्त. समोरच्या लाँड्रीवाल्याने ती माझ्याकडे बघूनच उचलली – त्याचीही घरघर बरोबर आठला, रस्त्यापलीकडून इथवर ऐकू येते. मला किती अभिमान!

फोन ठेवून दिला. 

१७ सप्टेंबर

अजून खात्री नाही. इस्त्री चालू असताना किती खाते ते बघायला नको का? बाहेरवाल्याने तसंही चादरी ओल्यासारख्याच परत पाठवल्यात. आज मीच उभी राहिले इस्त्रीला.

१८ सप्टेंबर

कंबर गेली. दोन चादरी भाजल्या. उजव्या हाताला फोड आलाय, त्यामुळे थोडक्यात लिहिते.

सगळ्या मशिनांत इस्त्रीने खाल्लं सगळ्यात कमी. सुकवणीच्या पाव हिश्श्याएवढंही नाही.

हे मलम लावताना म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी." एवढं लांब वाक्य! नेमकं आजच सुचायचं होतं?

२१ सप्टेंबर

गेले शेवटी तिच्या घरी. दोन खोल्या, लख्ख. उंबऱ्याशी बसून गोधडीला ठिगळ लावत होती. उठली नाही. "या ताई," म्हणाली, सुई चालूच.

चुकले म्हणायचं, असं रस्ताभर घोकत गेले होते. आणि तोंडातून काय निघावं? "हा बघ सुळका!" फोनच पुढे केला. हावरा अर्धा तास, ताटं, टाळी, सगळं सांगून टाकलं. इस्त्रीची चूक नव्हती हेही सांगितलं – इस्त्रीची!

तिने फोन हातात घेतला. लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. मग म्हणते, "ताई, आठला ओलं काय असतं?"

"म्हणजे?"

"अहो, मशिनं आठला लागणार. पहिले कपडे धुऊन निघायला नऊ होतात. मग आठपासून सुकवणी कशाला पेटवता? रिकामीच फिरते की ती!"

मी वाकून फोनवरची रेघ परत बघितली.

"इस्त्री लावा आठला, कालचे कपडे पडलेलेच असतात. ती तापली, की साडेआठला मशिनं. सुकवणी साडेनऊला. संपलं."

"मग अकरा वर्षांत बोलली का नाहीस?"

"बोलले होते एकदा. तुम्ही म्हणालात, तू इस्त्री बघ."

म्हटलं असेल. माझ्यासारखंच वाटतंय.

म्हटलं, "एक तारखेपासून ये." तिने विचारलं, "पगार?" मी म्हटलं, "तोच की." तिने धाग्याला गाठ मारून तो दातांनी तोडला आणि म्हणाली, "तुमच्या समोरच्या लाँड्रीवाल्यानेही विचारलंय. बघते."

बघते म्हणे! चहा मात्र चांगला केला होता.

२२ सप्टेंबर

आजपासून तिच्या सांगण्याप्रमाणे. आठला फक्त इस्त्री – धुणाऱ्यांपैकी एकीला उभी केली, तोंड वाकडं करून करतेय. साडेआठला मशिनं. साडेनऊला सुकवणी.

आठला माझे हात आपोआप वर गेले. टाळी अर्ध्यावर धरली. दोघी खाली बघून हसत होत्या. दिसतं मला!

२५ सप्टेंबर

सुळका गेला. चार दिवस झाले, नुसती टेकडी उरलीय. भाची म्हणते, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरला! या महिन्याच्या बिलात नाही दिसणार, जुना सुळका आधीच नोंदला गेलाय. पुढच्या बिलात दिसेल.

पेढ्यांऐवजी भाचीला दोन उशांचे अभ्रे दिले. गुलाबी. हॉटेलवाल्याने त्या चादरी घेतल्या नाहीत, मीच अभ्रे शिवून टाकले.

२८ सप्टेंबर

जेवताना ह्यांना सगळं परत सांगितलं. कोणती लाईन कधी, कशाने किती वाचलं. ऐकून म्हणाले, "ही अक्कल प्रेसवालीची ना?"

"मग काय झालं?"

"मग पगार तोच कसा?"

मी म्हटलं, जाईल कुठे? अकरा वर्षं आहे माझ्याकडे. माझ्या तोंडाची सवय झालीय तिला, दुसरीकडे करमायचं नाही.

हे म्हणाले, "हं."

३० सप्टेंबर

इस्त्रीच्या टेबलाला नवीन जाड कापड बसवलं. मीच ताणून ताणून खिळे मारले, एक सुरकुती नाही. उद्या ती आली की आधी चुकले म्हणायचं. मग पगाराचं. उलटं नाही होऊ द्यायचं.

दोनदा म्हणून बघितलं, रिकाम्या खोलीत. जमतं. समोर कुणी नसलं की छान जमतं.

१ ऑक्टोबर

ती आली नाही.

आठला समोरच्या लाँड्रीत घरघर झाली नाही. खिडकीतून नुसती इस्त्रीची वाफ आली. साडेआठला मशिनं लागली. साडेनऊला सुकवणी.