सरांचा डबा

नेरूळ, गुरुवार संध्याकाळ

दुपारी सरांना स्मशानात पोचवून त्यांच्या घरी आलो. शेजारच्यांनी पिठलंभात आणून ठेवला होता, पण कोणी हात लावला नाही. माझं लक्ष सारखं ओट्यावरच्या त्यांच्या डब्याकडे.

सर परदेशी व्यापारातले मोठे वकील, तरी शनिवारी आम्हाला फुकट शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी तो डबा माझ्यापुढे केला. मी धरला, पण ते सोडेनात. "आता सांडला तर नुकसान कोणाचं? देणाऱ्याचं की घेणाऱ्याचं?" मी डबा ओढून पाहिला. "अरे, माझा हात सुटेपर्यंत माझंच! जहाजावर चढवायच्या मालाचंही असंच ठरवावं लागतं." मग तोच डबा मला खायला लावला. पुढे दर शनिवारी काकू त्यात मुद्दाम दोन पोळ्या जास्त घालायच्या. सर लगेच घरी फोन करून सांगायचे, "भाजी आवडली गं पोराला."

असा माणूस, आणि शेवटी इतका खंगून जावा? का म्हणून?

निघताना काकूंनी डबा पुढे केला. "तू ने. ह्यांना बरं वाटलं असतं."

मी धरला. त्या सोडेनात.

"ने रे," त्या परत म्हणाल्या, आणि त्यांची बोटं आणखी घट्ट झाली.